अर्डुइनोवर मोर्स कोड पाठवणं आणि वाचणं: काम दोन अ‍ॅरेंचं

मोर्स कोडचा, म्हणजे अक्षरं टिंब-रेघांत पाठवण्याच्या पद्धतीचा, प्रोग्राम पहिल्यांदा लिहायला बसलं की हात आपोआप इफ-एल्सकडे जातो. अक्षर ए असेल तर टिंब-रेघ, बी असेल तर रेघ-टिंब-टिंब-टिंब, असं करत सव्वीस पायऱ्यांची शिडी उभी राहते. प्रोग्राम चालतो, नाही असं नाही. पण एखादं टिंब चुकलं की ते शोधण्यात संध्याकाळ जाते. शिवाय टिंब-रेघांवरून अक्षर ओळखायचं ठरवलं, तर सगळी शिडी नव्यानं बांधावी लागते. अ‍ॅरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीनं मांडलेले, नंबर दिलेले खण; ते कसे वापरायचे हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. म्हणून इथे दोन्ही दिशा करून बघू. आधी पाठवायचं, मग वाचायचं.

सामान थोडकं आहे: अर्डुइनो उनो (प्रोग्राम भरून चालवता येतो असा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा पाट), एक पुश बटण, एक पॅसिव्ह पायझो बझर आणि चार-पाच जंपर वायरी. वेगळा एलईडी लागत नाही, १३ नंबरच्या पिनला तो बोर्डवरच जोडलेला असतो. बझरची एक वायर ८ नंबरच्या पिनला आणि दुसरी ग्राउंडला. बटण २ नंबरची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये. बटणाला चार पाय असतात आणि त्यातले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. कुठले जोडलेले, या घोळात पडायचं नसेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे कर्णावरचे दोन पाय वापरा. ते कधीच चुकत नाहीत. सेटअपमध्ये २ नंबरची पिन ‘इनपुट पुलअप’ करा (बोर्डच्या आतला रेझिस्टर पिनला ‘हाय’वर धरून ठेवतो), म्हणजे बाहेरून रेझिस्टर लावावा लागणार नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, की या जोडणीत बटण दाबल्यावर पिन ‘लो’ होते आणि सोडल्यावर ‘हाय’.

आधी वेळेचं गणित

मोर्समध्ये सगळी मोजणी टिंबाच्या लांबीवर चालते. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द धरतात, कारण इंग्रजी स्पेलिंगनं पाठवलेला हा शब्द, पुढच्या सात मात्रांच्या शांततेसह, बरोबर ५० मात्रांचा होतो. म्हणून १२०० ला मिनिटाला होणाऱ्या शब्दांनी भागलं की मात्रा मिलिसेकंदांत मिळते. आपण मात्रा २०० मिलिसेकंद ठेवू, म्हणजे मिनिटाला सहा शब्द. नवख्या बोटांना हा वेग झेपतो. हा आकडा प्रोग्रामच्या सुरुवातीला एकाच ठिकाणी लिहा आणि बाकी सगळीकडे त्याच्या पटीत बोला.

पहिला अ‍ॅरे: अक्षरावरून खुणा

ए ते झेड या क्रमानं सव्वीस स्ट्रिंगचा (स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची माळ) एक अ‍ॅरे करा. पहिल्या खणात ·–, दुसऱ्यात –···, तिसऱ्यात –·–·, असं शेवटच्या ––·· पर्यंत. टिंबासाठी पूर्णविरामाचं आणि रेघेसाठी वजाबाकीचं चिन्ह वापरा. यात अक्षर कुठेच लिहिलेलं नाही, हे बघा. अक्षर कुठलं ते खणाच्या जागेवरूनच कळतं.

आता ‘रमा’ पाठवायचं आहे असं धरू. इंग्रजी लिपीत आर, ए, एम, ए. बोर्डवरच्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडाच: अक्षरांना आकडे देणाऱ्या आस्की कोडमध्ये कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि कॅपिटल आर म्हणजे ८२. वजाबाकी केली की १७. अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून असल्यामुळे १७ नंबरच्या खणात आरचीच खूण, ·–·, बसलेली असते. एकही इफ नाही, शोधाशोध नाही, फक्त एक वजाबाकी. प्रोग्राममध्ये ६५ लिहू नका, एकेरी अवतरणचिन्हांत कॅपिटल ए लिहा. दुहेरी चिन्हं लावली तर ती स्ट्रिंग होते आणि वजाबाकी फसते. स्मॉल अक्षरं ९७ पासून सुरू होतात, म्हणून आलेलं अक्षर आधी त्याचं कॅपिटल करणाऱ्या ‘टूअपर’ फंक्शनमधून काढा. अक्षर ए ते झेडच्या बाहेरचं असेल तर अ‍ॅरेला हात लावू नका.

मेमरीचाही विचार इथेच करून टाकू. उनोमध्ये (आर३ आवृत्तीत) रॅम फक्त २०४८ बाइट आहे. सव्वीस अक्षरांच्या खुणा मिळून ८२ भरतात. प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य आणि प्रत्येकीकडे बोट दाखवणारा दोन बाइटचा पॉइंटर धरला तर १६० बाइट होतात. त्याऐवजी २६ ओळी आणि ५ स्तंभांचा दोन मितींचा अ‍ॅरे केला तर १३० मध्ये भागतं. चार खुणांहून लांब अक्षर नाही, पाचवा खण शेवटच्या शून्यासाठी. मी दुसरी पद्धत वापरतो.

खुणा वाजवताना सगळ्यात जास्त गोंधळ शांततेचा होतो. प्रत्येक टिंबा-रेघेनंतर आपण एक मात्रा थांबतोच. म्हणजे अक्षर संपल्यावर तीन नव्हे, आणखी दोनच मात्रा थांबायचं. शब्द संपल्यावर तीन मात्रा होऊन गेलेल्या असतात, तेव्हा स्पेस आली की चार. हे चुकलं तर एलईडी लुकलुकतो, बझर वाजतो, पण ऐकणाऱ्याला अक्षरं लागत नाहीत.

दुसरा अ‍ॅरे: खुणांवरून अक्षर

मला जास्त आवडतो तो हा भाग. कागदावर एक झाड काढा. मुळाशी १ लिहा. टिंब आलं की आकडा दुप्पट, रेघ आली की दुप्पट अधिक एक. एकच टिंब म्हणजे २, तिथे ई. एकच रेघ म्हणजे ३, तिथे टी. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारी ही दोन अक्षरं, म्हणून मुळाच्या सगळ्यात जवळ. आरची खूण चालवून बघा: १ वरून टिंबानं २, रेघेनं ५, टिंबानं १०. म्हणून १० नंबरच्या खणात आर. पाठवताना १७ नंबरच्या खणात होता तोच आर इथे १० नंबरच्या खणात आला, कारण इथे खण वर्णमालेच्या क्रमानं नाही, खुणांच्या वाटेनं ठरतात.

अ‍ॅरे ३२ खणांचा. ० आणि १ रिकामे, तिथे तारका ठेवा. २ पासून पुढे क्रमानं ई, टी, आय, ए, एन, एम, एस, यू, आर, डब्ल्यू, डी, के, जी, ओ, एच, व्ही, एफ, तारका, एल, तारका, पी, जे, बी, एक्स, सी, वाय, झेड, क्यू आणि शेवटी दोन तारका. आधीचे १६० किंवा १३० बाइट आठवा. हे सगळं ३२ मध्ये मावलं.

बटण वाचताना ‘मिलिस’ वापरा, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन. दाबल्याची वेळ टिपा, सोडल्यावर वजाबाकी करा. ४०० मिलिसेकंदांच्या आत सोडलं तर टिंब, नाहीतर रेघ. टिंब एक मात्रेचं आणि रेघ तीन मात्रांची, म्हणून मधली दोन मात्रांची सीमा. बटण सुटून ४०० मिलिसेकंद उलटले आणि झाडावरचा आकडा १ पेक्षा मोठा असेल, तर अक्षर पूर्ण झालं: त्या खणातलं अक्षर सिरियल मॉनिटरवर (बोर्डचा मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) छापा आणि आकडा परत १ करा. शांतता १००० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की एकदाच स्पेस छापा.

बटणाच्या आतला पत्रा टेकताना आणि सुटताना काही मिलिसेकंद थरथरतो, आणि बोर्ड इतका चपळ की ती थरथर त्याला वेगळी दाबणी वाटते. याची सोय मी सुरुवातीला केली नव्हती. टी दाबला की कधी ए उमटायचा, कधी एन. टेकताना थरथरलं तर रेघेच्या आधी एक टिंब जास्तीचं, सुटताना थरथरलं तर नंतर. वायरी तीनदा बदलून झाल्यावर कारण कळलं. उपाय सोपा आहे: बटणाची स्थिती बदलली की पुढचे २० मिलिसेकंद त्याच्याकडे बघायचंच नाही.

दुसरी काळजी अ‍ॅरेच्या कुंपणाची. कोणी घाईत पाच-सहा खुणा सलग मारल्या तर आकडा ३१ च्या पुढे जातो. अशा वेळी सी भाषा आपल्याला अडवत नाही. शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलून अक्षर म्हणून छापते. म्हणून दुप्पट केल्यावर लगेच तपासा आणि ३१ ओलांडलं तर प्रश्नचिन्ह छापून आकडा १ करा.

अंकही हवे असतील तर अ‍ॅरे ६४ खणांचा करा आणि कुंपण ६३ वर न्या. अंकांच्या खुणा पाच-पाच असतात, त्यामुळे ते ३२ ते ६३ मध्ये पडतात: पाच टिंबांचा ५ हा ३२ नंबरच्या खणात, पाच रेघांचा ० हा ६३ नंबरच्या. १ म्हणजे ·––––, त्याचा खण ४७. उरलेले सात अंक कागदावरच्या झाडावर बोट फिरवून स्वतः काढा, आणि न भरलेल्या प्रत्येक खणात तारका टाका.