साठीनंतरची पहिली क्रूझ: पुण्याहून लक्षद्वीपला

लक्षद्वीपच्या क्रूझमध्ये ज्येष्ठांची खरी कसोटी जहाजावर चढताना लागत नाही, बेटावर उतरताना लागते. मुंबईला जहाज धक्क्याला लागलेलं असतं, सरळ चालत आत जायचं. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाभोवती मात्र प्रवाळाचं कडं आणि आत उथळ लगून, म्हणजे कड्याच्या आतलं शांत पाणी आहे. मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं, मग बोटीतून जेटीवर चढायचं आणि परतताना हेच उलट्या क्रमानं करायचं. बुकिंगच्या आधी नवरा-बायको दोघांनी हे नीट डोळ्यांसमोर आणावं.

चाचणी पुण्यातच होऊ शकते. पीएमपीच्या उंच पायरीच्या बसमध्ये दांडा धरून, मागून कुणी न ढकलता चढता-उतरता येत असेल तर बोटही जमेल. गुडघे तेवढे साथ देत नसतील तर क्रूझ रद्द करायचं कारण नाही. बेटाच्या दिवशी जहाजावरच थांबलात तरी चालतं, तेव्हा डेक जवळजवळ रिकामा असतो. पण हे घरीच ठरवून निघा. ऐन वेळी एकानं जायचं आणि दुसऱ्यानं थांबायचं, यावरून रुसवेफुगवे होतात.

कधी जायचं

संक्रांत ते होळी हा सगळ्यात चांगला काळ. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो हे कोळी बांधवांच्या सणापुरतं ठीक, क्रूझच्या बुकिंगसाठी तो आधार पुरत नाही. पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांचा धोका असतो. २०१७ मधलं ओखी तर डिसेंबरच्या सुरुवातीला लक्षद्वीपवरून गेलं. वारा वाढला की बेटावरचं उतरणंच रद्द होतं आणि जहाज तसंच पुढं निघतं. तो निर्णय कप्तानाचा, त्यावर वाद चालत नाही. उतरणं रद्द झालं तर कोणते पैसे परत मिळतात, हे बुकिंगच्या वेळीच लेखी मागून घ्या.

नाताळचा आठवडा आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. त्या दिवसांत जहाजावर लग्नाची वऱ्हाडं, ऑफिसचे ग्रुप आणि मध्यरात्रीपर्यंत डीजे असतो.

बुकिंग आणि केबिन

जाहिरातीतला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. पोर्ट चार्ज, ग्रॅच्युइटी म्हणजे सेवाशुल्क, जीएसटी, बेटावरच्या सहलीचे पैसे, चहा-कॉफी सोडून इतर पेयं आणि वायफाय हे सगळं धरून दोघांचे एकूण किती, असा थेट प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

लक्षद्वीपला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझच्या प्रवाशांसाठी तो सहसा कंपनीच काढते, पण कागद आपले लागतात. नेमकी इथं गडबड होते ती नावात. आधार कार्डावर बाईंचं माहेरचं आडनाव, पॅन कार्डावर सासरचं आणि मुलानं बुकिंग करताना मधलं नावच गाळलेलं, असं सर्रास दिसतं. जे ओळखपत्र धक्क्यावर दाखवणार त्यावर जसं आहे तसंच्या तसं नाव बुकिंगमध्ये हवं. आडनाव आधी की नंतर, इथपर्यंत तपासा.

केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची मागा. जहाज नाकाकडून शेपटीकडं झुलतं, मध्यभागी सगळ्यात कमी हलतं आणि जितकं वर जावं तितका झोल वाढतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनी पहिल्याच सफरीला घेण्यात फारसा अर्थ नाही. आतली, खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते, पण तिथं दिवस-रात्र कळत नाही. रात्री उठून चाचपडणाऱ्यांनी ती घेऊ नये. समुद्र दिसेल अशी खिडकीची केबिन हा मधला मार्ग. मुंबईहून जाणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० पासून सेवेत आहे. त्या काळच्या जहाजांच्या केबिन लहान असतात, हॉटेलच्या खोलीची अपेक्षा ठेवू नका.

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: दोन्ही पलंग खाली आहेत ना, की एक वर घडीचा आहे, लिफ्ट किती लांब, डोक्यावर किंवा पायाखाली थिएटर, डिस्को तर नाही ना, आणि बाथरूमला उंबरठा आहे का. जहाजात पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमचा उंबरठा उंच ठेवतात आणि रात्री दीडला त्याला अडखळून पडण्याची भीती लाटांपेक्षा जास्त. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा सोबत न्या.

औषधं

मोठी बॅग धक्क्यावर जमा केली की ती संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. म्हणून सगळी औषधं, चष्मा, कवळीची डबी आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. सहलीचे दिवस अधिक चार, एवढ्या गोळ्या घ्या आणि त्या दोघांच्या पिशव्यांत विभागून ठेवा. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी आणि ती तुमच्या जहाजावरच्या खात्यावर लागते. नेहमीच्या मेडिक्लेमचं कॅशलेस कार्ड तिथं चालेल असं धरून चालू नका. प्रवास विमा घेताना समुद्रप्रवास आणि जहाजावरून इस्पितळात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते पाहा. बीपी, शुगर, स्टेंट यांची माहिती लपवू नका, दावा नाकारायला तेवढंच कारण पुरतं.

इन्सुलिनची न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. केबिनमध्ये फ्रिज नसेल तर मेडिकल सेंटरमध्ये ठेवायची सोय आधी विचारा. वापरात असलेली बहुतेक पेनं ३० अंशांखाली चार आठवडे टिकतात, पण बेटावरच्या उन्हात पिशवीत राहिली तर बिघडतात. बर्फाला थेट चिकटवूही नका.

आता बोट लागण्याबद्दल. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला हालचाल जाणवते. या दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. अव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर घेतलेली उलटीतच पडते. पण या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरीही जपावं लागतं. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी दिलेली गोळी एकदा घरीच रात्री घेऊन पाहा, दुसऱ्या दिवशी गरगरतं का ते कळेल. बाकी उपाय साधे आहेत. पोट रिकामं नको आणि तडस लागेपर्यंतही नको, उघड्या डेकवर क्षितिजाकडं पाहत बसायचं, मोबाईलवर वाचायचं नाही. आलेपाक खिशात असू द्या.

बॅगेत काय नको

इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर दोन्हीला बंदी असते. तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. पहाटेच्या चहाची सवय असलेल्यांनी सकाळी चहा किती वाजता मिळतो हे आदल्या रात्रीच विचारावं. सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं यंत्र) वापरत असाल तर कंपनीला आधी कळवा, एक्स्टेंशन बोर्ड आपला चालेलच असं नाही. घरी शिजवलेलं अन्नही बहुधा वर घेत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो का ते विचारून न्या.

घ्यायचं ते असं: मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला, पाण्यात घालायचे रबरी बूट, हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली टोपी, ओआरएसची पाकिटं आणि एक स्वेटर. जेवणघरात आणि थिएटरमध्ये एसी कडक असतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, चुंबकाचे दोन हुक नेले तर टोप्या-पिशव्या टांगता येतात.

धक्क्यापर्यंत

क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहाज’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्याला किंवा गेटवेला नेईल. बंदराला फाटकंही बरीच आहेत, बुकिंगच्या कागदावरचं फाटक आधी पाहून ठेवा.

गाडीनं जाणार असाल तर द्रुतगती मार्गावरून अटल सेतूनं शिवडीला उतरा आणि पुढं ईस्टर्न फ्रीवे धरा. मुंबईतली बरीचशी गर्दी टळते. घाटातली टळत नाही. शनिवारी सकाळी बोरघाट अडकला की दोन तास कुठं गेले कळत नाही आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघून साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचवते. तिथून बॅलार्ड पिअर अगदी जवळ. दुपारच्या बोर्डिंगला हा सगळ्यात बिनघोर मार्ग. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत तरी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करायची गरज नाही. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळी नोंदवा, धक्क्यावर मागितली तर ताटकळावं लागतं.

जहाजावरचा पहिला दिवस

सुरक्षेची कवायत चुकवू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं, त्यानंतर प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं आंतरराष्ट्रीय नियमानं बंधनकारक झालं. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो झाला की लिफ्ट वापरायची नाही. म्हणून केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालून पाहा. गुडघ्यांना किती वेळ लागतो तेही कळतं.

समुद्रात गेलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनाऱ्याची रेंज संपली की तो जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. बुफेच्या आधी साबणानं हात धुवा, नुसतं सॅनिटायझर नको. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर ते नीट चालत नाही.

बेटावर

पहिल्या बोटीला झुंबड असते. दुसरी-तिसरी धरा. परतताना शेवटच्या बोटीच्या आधीची.

बोटीत पाय टाकताना दोन्ही हात रिकामे हवेत. पिशवी पाठीवर, फोन आत, काठी खलाशाकडं. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. खलाशी सांगेल तेव्हाच पाय उचला. त्याचा पंजा धरू नका. त्यानं तुमचं मनगट आणि तुम्ही त्याचं मनगट अशी पकड घट्ट बसते. उडी मारायची नाही, पाऊलच टाकायचं. आत गेलं की लगेच बसायचं, फोटोसाठी उभं राहायचं नाही. साडी इथं पायात येते, त्या दिवशी सलवार-कमीज किंवा पॅंट बरी.

लगूनमध्ये पाणी कमरेएवढं दिसलं तरी अनवाणी उतरू नका. प्रवाळाची धार पायाला लागते आणि ती जखम लवकर भरत नाही. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना तर कापलेलं कळतसुद्धा नाही. जहाजावर परतल्यावर दोघांनी एकमेकांचे तळवे तपासा, गोड्या पाण्यानं धुवा आणि काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पोहायला येत नसेल तर काचेच्या तळाची बोट घ्या, मासे आणि प्रवाळ तितकेच छान दिसतात. ही बेटं विषुववृत्तापासून जेमतेम १०-११ अंशांवर आहेत, ऊन पुण्याच्या एप्रिलपेक्षा तिरसट. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

प्रवाळाचा तुकडा नातवंडांसाठी पिशवीत टाकू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, जहाजावरची बाटली खाली नेऊ नका.

बोट नकोच असेल तर

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझमध्ये मलेशियातल्या पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, थायलंडमधल्या फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यापाशी बहुतेकदा पुन्हा लहान बोटीच. सिंगापूर सोडून परत तिथंच यायचं असल्यानं व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते पाहा. पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, परतीची वेळ जहाजाच्या घड्याळानं मोजा.

खाऊच्या डब्याकडं मात्र नीट बघा. सिंगापूरला खसखस नेता येत नाही. म्हणजे अनारसे घरीच, आणि भाकरवडीच्या सारणातही ती असू शकते, पाकिटावरची यादी वाचा. मिश्री आणि खायचा तंबाखूही नको. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध रोजचं असेल तर तिथल्या आरोग्य विभागाची परवानगी आधी काढावी लागू शकते.

परतताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. उद्याचे कपडे, चपला, सकाळच्या गोळ्या आणि ओळखपत्र आधी बाजूला काढा, नाहीतर रात्रीच्या कपड्यांत उतरायची वेळ येते. खात्याचं बिल आदल्या संध्याकाळीच तपासा, सकाळी त्या खिडकीवर रांग असते.

जमिनीवर आल्यावरही एक-दोन दिवस पायाखाली हलल्यासारखं वाटतं. ते आपोआप जातं, तोपर्यंत बाथरूममध्ये आधार धरा. दोन-तीन आठवड्यांतही थांबलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जहाजावरून उतरलात त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घाट चढू नका. जहाज सकाळी लागलं तर दादरहून शिवनेरी मिळते. डेक्कन क्वीनचं परतीचं तिकीट काढणार असाल तर ती संध्याकाळी ५.१० ला सुटते, तोवर बॅगा कुठं ठेवायच्या तेही ठरवून निघा.