ओल्या बुटाचं वजन

बूट घेताना आपण सगळे कोरडा बूट हातात घेऊन तोलतो. मीही तेच करायचे. मग एका उन्हाळ्यात अशी एक वाट चालले, जी एकच ओढा अकरा वेळा ओलांडत जाते. पायात नवेकोरे वॉटरप्रूफ बूट होते. तिसऱ्यांदा ओढ्यात उतरले तेव्हा पाणी घोट्याशी वरून आत शिरलं आणि दिवसभर आतच राहिलं. पाणी आत येऊ न देणारा पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही. संध्याकाळी मोजे काढले तर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले आणि दोन्ही टाचांवर फोड. भिजलेली कातडी मऊ पडते आणि जरा घासली की सोलवटते.

तेव्हापासून पाणी आणि पायवाट अशा दोन्हींसाठी बूट बघताना माझे पहिले प्रश्न ठरलेले आहेत: भिजल्यावर हा किती जड होईल, आणि आत आलेलं पाणी कुठून जाईल?

दुकानात बूट पाण्यात बुडवता येत नाही, पण बरंच तपासता येतं. वरची जाळी उजेडासमोर धरा. आत हात घालून बाहेरून फुंकर मारा. हाताला वारा लागला तर पाणीही निघेल. काही जाळ्यांच्या आत अखंड अस्तर असतं, तिथे फुंकर अडते. मग जीभ आणि घोट्याभोवतीची गादी चिमटीत दाबा. जाड आणि लुसलुशीत असेल तर तो स्पंजच समजा. शेवटी आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा. हे फार कमी लोक करतात आणि खरी गंमत तिथेच असते. बुटाच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, पण वरच्या इनसोलला एकही नसतं, असे बूट मी कितीतरी पाहिले आहेत. भोकांवर बारीक जाळी आहे का तेही पाहा. नाहीतर पाणी जातं आणि वाळू येते.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत असेल तर, फक्त इनसोल पाण्यात बुडवून पिळा. ईव्हीए या प्लास्टिकचा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे त्यातले हवेचे बारीक कप्पे मिटलेले असतात, तो पाणी फारसं धरत नाही. उघड्या पेशींचा मऊ फोम मात्र पिळत राहावा लागतो. बूट ठेवायचे नक्की झाले की मी एक बूट बादलीत बुडवते, पाच मिनिटं निथळू देते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. माझा सध्याचा जोड कोरडा असताना पायाला २८० ग्रॅम भरतो, भिजून निथळल्यावर ३६५. त्या वॉटरप्रूफ बुटांचा एक पाय ४३० वरून साडेसहाशेच्या पुढे गेला होता. धावताना प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की शरीराला सुमारे १ टक्का जास्त ऑक्सिजन लागतो. चालताना तो हिशेब पोटऱ्या ठेवतात.

आता तळ. ओल्या दगडावर मऊ रबर धरतं, कडक रबर सटकतं. मऊ रबर लवकर झिजतं, तेवढी किंमत मी आनंदाने मोजते. अंगठ्याचं नख खुंट्यांवर, म्हणजे तळाच्या उंचवट्यांवर, दाबून पाहा, थोडं रुतलं पाहिजे. सहा मिलिमीटरच्या उंच, विरळ खुंट्या चिखलात छान, पण गुळगुळीत गोट्यावर त्यांचा फारच थोडा भाग टेकतो. तीन-चार मिलिमीटर पुरे. शेवाळलेल्या दगडावर कुठल्याच रबरावर भरवसा ठेवू नका, काठी घ्या. फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड नमद्याचे, तळ तिथे चांगले धरतात, पण मी ते सुचवणार नाही. फेल्ट ओला राहतो आणि त्यात डिडिमोसारखं शेवाळ जगून एका नदीतून दुसरीत पोचतं. न्यूझीलंडने २००८ मध्ये गोड्या पाण्यात मासे धरणाऱ्यांना फेल्टचे तळ वापरायला बंदी केली ती यामुळेच. आपले रबरी बूटसुद्धा नदी बदलण्याआधी धुऊन पूर्ण वाळवावेत.

पट्ट्यांच्या सँडल नावेत आणि काठावर उत्तम. गढूळ पाण्यात, जिथे पुढचा दगड दिसत नाही, तिथे बोटं झाकलेलीच हवीत.

माप दुपारनंतर घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र घट्ट. ओला पाय आत सरकतो, म्हणून उतरणीवर किंवा पायऱ्यांवर उतरून पाहा. बोटं पुढे आपटली तर तो बूट घेऊ नका. मोजे पातळ लोकरीचे किंवा नायलॉनचे. सुती मोजे घरीच राहू द्या.

परत आल्यावर इनसोल काढून बूट साध्या पाण्याने खंगाळा, समुद्रातून आला असाल तर नक्कीच. आत कागदाचे बोळे भरा, तासाभराने बदला आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात तापलेल्या बंद गाडीत विसरू नका. फोम आकसतो, डिंक सुटतो आणि बरोबर बसणारा बूट अर्ध्या मापाने लहान होऊन हाती येतो.