पोरानं रॉकेल किंवा थिनर प्यायलं तर काय करायचं, आणि काय चुकूनही करायचं नाही

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो कारण घाईत कुणी पूर्ण लेख वाचत बसणार नाही. उलटी करायला लावू नका. घशात बोटं घालणं, मिठाचं पाणी पाजणं, मोहरीचं पाणी, यातलं काहीच नाही. १०८ ला फोन लावा, नाहीतर जी गाडी मिळेल ती घेऊन लहान मुलांचा डॉक्टर, ऑक्सिजन आणि एक्स-रे अशी सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. बाकीचं जमेल तसं वाचा.

आता का ते. आपल्याला वाटतं विष पोटात गेलंय म्हणजे पोटातून बाहेर काढलं पाहिजे, आणि इथेच सगळा घोळ होतो. रॉकेल, टर्पेंटाइन, पेट्रोल, थिनर या तेलांचा सगळ्यात मोठा धोका पोटाला नाही, फुफ्फुसाला असतो. ही पाण्यासारखी पातळ आणि लगेच पसरणारी, त्यामुळे गिळताना पोराला ठसका लागला की थोडं श्वासनळीत उतरतं, आणि आत अगदी १ मिली गेलं तरी ते पसरत जातं, फुफ्फुसाच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा आतला थर खराब करतं आणि तिथे सूज येते. म्हणजे जंतू नसतानाही न्यूमोनिया. आता तुम्ही ओकायला लावलंत की तेच तेल घशापर्यंत परत येतं आणि श्वासनळीत जायला त्याला दुसरा चान्स मिळतो.

पहिली पाच मिनिटं

पोराला तिथून उचला, मोकळ्या हवेत आणा. डबा सांडलेला असेल तर आधी जवळची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती, सिगारेट सगळं विझवा, कपडे रॉकेलनं भिजलेले असताना कुणीतरी काडी ओढली तर वेगळाच अनर्थ. ओले कपडे काढून टाका, अंग साबण आणि पाण्यानं धुवा, कारण तेल अंगावर राहिलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि वाफही नाकात जात राहते. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याची बारीक धार १५ मिनिटं. पण श्वासाला त्रास होत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, कपडे काढा, चादरीत गुंडाळा आणि निघा.

तोंडात बोट घालायचं ते फक्त पुढचे ओठ-हिरड्या ओल्या कपड्यानं पुसायला. दूध, तूप, केळं, लिंबूपाणी काही नको. आजी दुधाचा ग्लास घेऊन उभी असणारच, तिला प्रेमानं थांबवा. दुधानं विष "मारलं" जात नाही, उलट पोट भरलं की उलटी व्हायची शक्यता वाढते.

स्वतःहून उलटी झालीच तर पोराला पुढे वाकवा किंवा मांडीवर पालथं घ्या, डोकं कमरेपेक्षा खाली, म्हणजे सगळं बाहेर पडेल. पोर गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, उताणं नको. श्वासच थांबला असेल तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं) सुरू करा, येत नसेल तर १०८ वाले फोनवर सांगतात तसं करत राहा.

निघताना काय घ्यायचं

बाटली. जशी आहे तशी, झाकण लावून, लेबलसकट. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय कारण सगळं तेल सारखं नसतं. साधं रॉकेल असेल तर डॉक्टरांची एक लाइन असते, पण त्यात कीटकनाशक मिसळलेलं असेल, किंवा कापराचं तेल असेल (यानं झटके येऊ शकतात), तर उपचार बदलतात. डास पळवायच्या लिक्विड रिफिलमध्ये सुद्धा औषध एक-दोन टक्केच असतं, बाकी बहुतेक रॉकेलच्याच जातीचं तेल. किती वाजता प्यायलं, साधारण किती, लगेच ठसका लागला का, उलटी झाली का, पोराचं वजन किती, एवढं फोनमध्ये टाइप करून ठेवा, कॅज्युअल्टीत गेल्यावर काही आठवत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, टोल फ्री आणि २४ तास. वाटेत बोलू शकता, पण त्या फोनसाठी घरी थांबू नका.

कशावर नजर ठेवायची

प्यायल्यावर लगेच खोकला, गुदमरल्यासारखं, तोंडाला रॉकेलचा वास, हे दिसलं म्हणजे थोडं तरी आत गेलंय असंच धरा. मग श्वास मोजा, शर्ट वर करून, पूर्ण एक मिनिट, पोर रडत नसताना. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त झाले तर श्वास जलद आहे. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, कण्हतंय, ओठ निळसर, पोर सुस्त, यातलं एक जरी असलं तरी जवळ ऑक्सिजन कुठे आहे तिकडे आधी.

हॉस्पिटलमध्ये

इथे नातेवाईकांचा एक ठरलेला वाद असतो, "पोट का नाही धुतलं? नळी का नाही घातली?" नुसतं रॉकेल असेल तर नळी घालून पोट धुणं टाळतात, विष शोषून घेणारी कोळशाची पावडरही सहसा देत नाहीत, कारण दोन्हीनं उलटी होऊन तेल फुफ्फुसात जायची भीती. तेव्हा डॉक्टर काही करतच नाहीत असं वाटलं तरी ऑक्सिजन लेव्हल बघणं, लागला तर ऑक्सिजन देणं आणि वाट बघणं हाच उपचार आहे. फार बिघडलं तर व्हेंटिलेटर. पहिल्या दिवशी ताप येतो तो बऱ्याचदा तेलानं आलेल्या सुजेचाच, म्हणून लगेच अँटिबायोटिक हवंच असं नाही, स्टेरॉइडचाही रुटीन उपयोग नाही.

पोर हसतंखेळतं असलं तरी निदान ६ तास तिथेच थांबवतात. एक्स-रे सुरुवातीला अगदी क्लिअर येऊ शकतो आणि काही तासांनी डाग दिसतात, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आलाय, चला घरी" म्हणून सही करून पोर उचलू नका. ६ तासांत खोकला नाही, श्वास नॉर्मल, ऑक्सिजन चांगला, एक्स-रे साफ, तर सोडतात. घरी आल्यावर पुढचे एक-दोन दिवस ताप, खोकला, धाप यातलं काही दिसलं की परत जा, तोच केसपेपर घेऊन.

मोठ्या माणसांसाठी एक

शेतावरच्या इंजिनचं डिझेल किंवा गाडीतलं पेट्रोल नळीनं तोंडानं ओढताना घोट आत जातो, पाणी पिऊन माणूस कामाला लागतो आणि रात्री छातीत दुखून ताप भरतो. त्यालाही हेच नियम, ओकायचं नाही, दाखवायला जायचं. आणि तेल ओढायची, हातानं दाबायच्या पंपाची नळी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती घ्या की.

राहिला साठवायचा प्रश्न. रंगकाम झाल्यावर उरलेलं टर्पेंटाइन लोक कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून मोरीत ठेवतात, आणि उन्हाळ्यात तहानलेलं दोन वर्षांचं पोर ती बाटली तोंडाला लावतंच. रेशनचं रॉकेल निळं तरी असतं, हे तर दिसायला चक्क पाणी. मूळ डब्यातच ठेवा, वरच्या कपाटात, कडी लावून, थोडंच उरलं असेल तर पेंटरलाच घेऊन जायला सांगा.