योगनिद्रा घरी कशी करायची (झोप न लागू देता)

योगनिद्रा म्हणजे यूट्यूबवर ऑडिओ लावायचा आणि घोरायला लागायचं, असा बऱ्याच जणांचा समज झालाय. झोप लागली तर काही बिघडत नाही, शरीराला हवी असते ती, पण मग ती योगनिद्रा झाली नाही. शरीर पूर्ण सैल आणि आतली जाणीव जागी, हेच तर यात मिळवायचंय!

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात असं आपण म्हणतो ना, ती विष्णूची शेषावरची योगनिद्राच. देवीमाहात्म्यात तर योगनिद्रा ही स्वतः देवी आहे, ब्रह्मदेव तिची स्तुती करतो, मग ती विष्णूच्या डोळ्यांतून बाहेर पडते आणि तो उठून मधु-कैटभ या असुरांशी लढतो. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात हाच शब्द समाधीच्या अंगानं येतो, योगनिद्रा साधली त्याला काळच उरत नाही म्हणे. आज क्लासमध्ये झोपवून जी करून घेतात ती पद्धत मात्र बरीच अलीकडची, मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी तांत्रिक न्यासावरून (मंत्र म्हणत एकेका अवयवावर मन ठेवण्याच्या विधीवरून) बसवलेली.

आता करायचं कसं. गादीवर नको, जमिनीवर सतरंजी घाला, शवासनात पडा, पाय एकमेकांपासून थोडे लांब, तळहात वर, अंगावर पातळ चादर घ्या कारण पडल्यावर अंग गार पडतं. जेवल्याजेवल्या करू नका आणि फोन सायलेंट. एकदा पडलात की हलायचं नाही. आधी मनात एक छोटा संकल्प तीन वेळा म्हणा, आणि दर आठवड्याला तो बदलत बसू नका, एकच धरून ठेवा.

मग खरा गाभा, म्हणजे शरीरभर मन फिरवणं. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, घोटा, टाच, तळपाय, पायाची बोटं, मग तसंच डावीकडे, मग पाठ, शेवटी चेहरा. त्या जागी फक्त मन न्यायचं, जागा हलवायची नाही, आणि कुठे रेंगाळायचंही नाही, कारण थांबलात की विचार सुरू होतात. रामरक्षेत 'शिरो मे राघवः पातु' पासून एकेक अवयव घेत खाली जातो आपण, तीच चाल समजा. हात आणि ओठांना मेंदूत खूप मोठी जागा आहे, म्हणून बोटं एकेक करून घ्यायची, घाईत 'हात' म्हणून उरकायचं नाही.

त्यानंतर 27 पासून उलटे श्वास मोजा, चुकलं तर परत 27. मग शरीर जड वाटू द्या, मग हलकं, मग गार, मग गरम. शेवटी परत संकल्प, आणि हळूहळू बोटं हलवून कुशीवर वळून उठा. सगळं मिळून 20-30 मिनिटं.

झोप आवरत नसेल तर एक हात कोपरात वाकवून पंजा छताकडे उभा ठेवा, डोळा लागला की हात पडतो आणि जाग येते. सुरुवातीला ओळखीच्या माणसाच्या आवाजात सूचना रेकॉर्ड करून घेतलेल्या बऱ्या, पाठ करत बसलं की मन आठवण्यातच गुंततं.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची घ्या. रात्री बिछान्यात पडून केलीत तर करंगळीच्या पुढे पोचणं अवघडच आहे. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या.