नवोदित नटांचे कृष्णधवल फोटो: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर असो की लातूर, नाटकातून पुढे येणारी पोरं ऑडिशनसाठी फोटो काढून घेतात तेव्हा हमखास एखाद्या गाजलेल्या नटाची पोझ घेतात. हनुवटी वर, नजर तिरकी, बोटं केसांत. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. अमेरिकन छायाचित्रकार डेनिस स्टॉकनं १९५५ च्या सुरुवातीला जेम्स डीन या नव्या नटाचे फोटो काढले तेव्हा डीनचा पहिला मोठा सिनेमा 'ईस्ट ऑफ ईडन' अजून प्रदर्शित व्हायचा होता. स्टॉक त्याच्यासोबत अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फेअरमाउंट या त्याच्या गावी गेला. डीन ज्या शेतावर वाढला तिथंच, गुराढोरांत, त्यानं त्याला टिपलं. आपल्याकडंही पोराला त्याच्या रानात न्या, घरच्या ओसरीवर बसवा.

रानात मात्र उजेड सांभाळा. उन्हाळ्यात भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यात आपली काळी माती उजेड परत फेकत नाही, त्यामुळं हनुवटीखालची सावली आणखी गडद होते. सकाळी लवकर काढा, पायाशी पांढरी चादर अंथरा. गालाखालचा भाग लगेच उजळतो. दुपारीच काढायचा असेल तर दाराच्या उंबऱ्याच्या आत हातभर उभं करून तोंड अंगणाकडं ठेवा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबा.

सावळा चेहरा गोरा करून देणं मला अजिबात पटत नाही. कधी ते नकळत घडतं: पाठीमागं काळा पडदा असला की कॅमेरा एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) वाढवतो आणि चेहरा धुतल्यासारखा होतो. पांढऱ्या भिंतीपुढं उलटं, चेहरा काळवंडतो. म्हणून स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरतं उजेडाचं मोजमाप, गालावर घ्या. सावळ्या रंगाला एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं (स्टॉप हे उजेडाचं माप) कमी ठेवा. कपाळावरचा घाम टिपून घ्या, तिथला पांढरा डाग नंतर निघत नाही.

मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर मागं सरून २एक्स झूम लावा. कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स उत्तम, क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर) असेल तर ५० मिमीही चालते.

फोटो रंगीत रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कृष्णधवल नंतर एडिटिंगमध्ये करा. तिथं लाल-नारिंगी रंगाचा स्लायडर फार वर नेला तर ओठ आणि गाल एकाच करड्या रंगाचे होतात. निळ्यावर भर दिला तर पुरळ, वांग सगळं उठून दिसतं. स्मूद फिल्टर लावूच नका. ऑडिशनला समोर उभा राहणारा चेहरा आणि फोटोतला चेहरा एकच असायला हवा. मूळ रॉ फाइल पुसू नका, तिच्यावर नाव, गाव आणि तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा.