ग्राफिक्स कार्ड घोंगावतंय? आधी व्होल्टेज उतरवा

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० कार्ड मूळ सेटिंगवर ३२० वॅटपर्यंत वीज ओढतं, आणि ती सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. पंखे नंतर बघू; व्होल्टेज उतरवलं की मुळात उष्णताच कमी होते. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह उघडा, म्हणजे कुठल्या व्होल्टेजला चिप किती वेगाने चालेल ती रेषा. कोअर क्लॉकच्या (चिपच्या वेगाच्या) स्लायडरने अख्खी रेषा ३०० मेगाहर्ट्झ खाली आणा, मग ८५० मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८०० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि अप्लाय करा. त्यापुढची रेषा सपाट दिसली पाहिजे.

बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) पार पडला म्हणजे जमलं असं नाही. रे ट्रेसिंगवाला जड गेम तासभर चालवा. मध्येच बंद पडला तर १५ मेगाहर्ट्झ उतरा.

पंखे सारखे चालू-बंद होत असतील (सलग घोंगाटापेक्षा हेच जास्त छळतं), तर फॅन टॅबमध्ये हिस्टेरेसिस ५ अंश ठेवा, म्हणजे तापमान तेवढं उतरेपर्यंत पंख्यांचा वेग कमी होणार नाही.