कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी वाकणारा छोटा ट्रायपॉड कसा निवडावा

पाय हवे तसे वाकतात, कठड्याला नाहीतर फांदीला वेढा घालतात, हे पाहूनच बहुतेक जण असा ट्रायपॉड उचलतात. पण वाकायला काय, साधी तारही वाकते. वाकवल्यावर कॅमेऱ्याच्या वजनाखाली ते पाय तिथेच थांबतात का, हे बघून निवड करायची. तेव्हा सुरुवात ट्रायपॉडपासून नको, कॅमेऱ्यापासून करा.

१. कॅमेरा तोला

बॅटरी आणि कार्ड आत ठेवून वजन करा. खिशात मावणारे चांगले कॅमेरे साधारण पाव किलोच्या आसपास असतात. रिको जीआर ३ भरतो २५७ ग्रॅम, तर सोनी आरएक्स १०० चं सातवं मॉडेल ३०२ ग्रॅम. ट्रायपॉडच्या खोक्यावर तो किती वजन पेलतो हे छापलेलं असतं. जोबीच्या गोरिलापॉडमध्ये तर ते नावातच असतं: ३२५ म्हणजे ३२५ ग्रॅम, १के म्हणजे १ किलो.

मग ३०२ ग्रॅमच्या कॅमेऱ्याला ३२५ वाला पुरेल का? कागदावर पुरतो. पण झूम केल्यावर लेन्स बाहेर येते आणि वजन पुढे सरकतं. त्यात कॅमेरा खाली झुकवला की सगळा ताण वरच्या दोन-तीन सांध्यांवर येतो. छापलेल्या आकड्यातून ही ओढ कळत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या वजनाच्या निदान दुप्पट, शक्यतो तिप्पट क्षमता धरा. त्याहून फार वर जाण्यात मात्र अर्थ नाही. कॅमेरा खिशात आणि ट्रायपॉडसाठी वेगळी पिशवी, असं झालं की दुसऱ्या आठवड्यापासून तो घरीच राहतो.

२. कॅमेऱ्याचा तळ पाहा

तळाच्या छिद्राचं माप जवळपास सगळीकडे एकच आहे: पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे. मोठ्या सामानाला ३/८ इंचाचा स्क्रू असतो, तो इथे बसणार नाही.

माप जुळलं तरी छिद्र कुठे आहे ते बघा. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ते पुष्कळदा लेन्सच्या बरोबर खाली नसून एका बाजूला आणि बॅटरीच्या झाकणाला अगदी खेटून असतं. ट्रायपॉडची प्लेट मोठी असली तर झाकण उघडत नाही, आणि कार्ड काढायला दर वेळी कॅमेरा सोडवावा लागतो. लहान गोल प्लेट इथे जास्त सोयीची. तिच्यावर रबर हवं, नाहीतर कॅमेरा स्क्रूभोवती फिरतो. कॅमेरा बसवताना स्क्रू जोर लावून पिळू नका.

३. सांधे हाताने तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वाकणारे पाय मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात.

पहिली तऱ्हा आत तार आणि वरून फोम किंवा रबर. हे हलके असतात, पण वाकवून सोडलं की तार किंचित मागे येते, म्हणजे साधलेली चौकट पुन्हा साधावी लागते. शिवाय एकाच जागी वारंवार वाकवून तार थकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत असल्यामुळे ते लवकर कळतही नाही. अगदी हलका कॅमेरा आणि क्वचित वापर असेल तरच हे घ्या.

दुसरी तऱ्हा एकात एक बसवलेल्या गोळ्यांची. इथे सगळी भिस्त घर्षणावर. नवा पाय वाकवताना दोन्ही हात लागले, थोडा त्रास झाला, तर ते चांगलं लक्षण समजा. दुकानात एका बोटाने सहज वळणारा पाय वापराने आणखी सैल होणार. प्रत्येक पाय आडवा धरून हलकेच झटका द्या. टोक लोंबायला लागलं तर परत ठेवा.

४. पायांची लांबी मोजा

५ सेंटिमीटर जाडीच्या नळीचा घेर जवळजवळ १६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे १५ सेंटिमीटरचा पाय तिला एक पूर्ण वेढाही घालू शकत नाही. नुसता टेबलावर ठेवायचा असेल तर आखूड पाय उत्तम, कारण ते कमी डुलतात. खांबाला, कठड्याला बांधायचा असेल तर लांब पाय लागतील.

५. वरचं डोकं

बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येणारं डोकं, असलेलाच घ्या. ते नसलं तर क्षितिज जरा तिरकं दिसलं तरी तिन्ही पाय पुन्हा वाकवत बसावं लागतं. उभ्या फोटोसाठी हेडला एका बाजूला खाच आहे का तेही पाहा.

६. घेण्याआधीची परीक्षा

कॅमेरा बसवा, झूम पूर्ण करा आणि लेन्स तिरकी खाली झुकवा. स्क्रीनवर एखादी स्पष्ट कड चौकटीच्या काठाशी आणून मिनिटभर नुसतं बघा. कड हळूहळू सरकत असेल तर सांधे नाहीतर हेड घसरतंय. मग कॅमेऱ्याला टिचकी मारा. थोडं थरथरणारच, पण ते चटकन थांबायला हवं. घरपोच मागवला असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी हे करून घ्या.

७. मांडताना

एक पाय लेन्सच्या बरोबर खाली, पुढच्या बाजूला ठेवा. बाकीचे दोन मागे. सगळे पाय बाहेर फेंगडवले तर कॅमेरा खाली येतो आणि तोल सुधारतो. खांबाला बांधताना दोन पाय एका दिशेने आणि तिसरा उलट दिशेने वेढा, आणि मनगटाचा पट्टाही कशात तरी अडकवून ठेवा. बटण दाबताना कॅमेरा हलतोच, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. प्रकाश कमी असेल, शटर बराच वेळ उघडं राहणार असेल, तर १० सेकंदांचा बरा.

वाळूत वापरल्यावर सांध्यांमधले कण ओल्या फडक्याने पुसून काढा, कारण ते गोळ्या घासून सैल करतात. ओढल्यावर एखादा सांधा निखळला तर बहुधा दाबून परत बसवता येतो. तोच सांधा पुन्हा पुन्हा निखळायला लागला, तर त्या ट्रायपॉडवर कॅमेरा चढवू नका.